सावईच्या घरातला जुना मोडेम

गणेश चवथीला नऊ दिवस होते तेव्हा काकांचा फोन आला. लँडलाइनवरून, कारण गोव्यातल्या सावईवेऱ्याचं आमचं घर कुळागरात, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेत, खोलगट जागी आहे आणि तिथे मोबाइलला रेंज नावालाच. "यंदा मुंबईची पोरं येणार आहेत. गेल्या खेपेला रेंज शोधत वर रस्त्यापर्यंत चालत जायची, आरतीला बोलवायला माणूस धाडावा लागायचा. तू ते वायफाय काय ते बसवून दे."

मी कॉलेजात कॉमर्स शिकवतो. पण आमच्या घराण्यात एकदा कोणाचा प्रिंटर चालू करून दिला की तो माणूस जन्माचा इंजिनियर होतो.

काकांकडे इंटरनेट आहे, बरीच वर्षं आहे. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारं, एडीएसएल. तारेतून नेट काढून देणारा मूळचा पांढरा आणि आता पिवळट झालेला मोडेम, त्याला अँटेना नाही, मागे नेटची वायर लावायचं एकच भोक, लॅन पोर्ट. तिथून एक वायर डेस्कटॉपला. काका त्यावर सुपारीचा भाव बघतात, वन-फोर्टीनचे, म्हणजे जमिनीचे, उतारे काढतात आणि सकाळचा पेपर आला नसेल तर तोही वाचतात. त्यांना नवं काही नको होतं. नंबर बदलायचा नाही, तार बदलायची नाही.

फोंड्याला वरच्या बाजारात राउटर, म्हणजे वायफाय पसरवणारी डबी, घ्यायला गेलो. दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, "फोनची तार थेट लागते तो हवा, की मोडेम आहे?" प्रश्न अगदी बरोबर होता. काही राउटरांत मोडेम आतच असतो, त्यांना फोनची बारीक पिन लागते. नुसत्या राउटरला मात्र लॅनची रुंद पिनच लागते. आपला जुना मोडेम चालतोय तर नुसता राउटर पुरे. खोक्यावर वेग 300 एमबीपीएस असा ठळक छापलेला होता. काकांच्या तारेतून येतात जेमतेम 4. हे मी काकांना सांगितलं नाही.

मी पोहोचेपर्यंत धीर धरवला नाही म्हणून काकांनी, मी भाच्याबरोबर आधीच पाठवलेला राउटर उघडून स्वतःच जोडून ठेवला होता. भिंतीतली फोनची तार थेट राउटरच्या निळ्या, म्हणजे बाहेरून नेट घ्यायच्या, पोर्टात! फोनची पिन लॅनच्या भोकात सैलसर का होईना, जाते, आणि तिथेच माणूस फसतो. असं करू नये. फोनच्या तारेत एक्स्चेंजकडून साधारण 48 व्होल्ट डीसी असतात आणि रिंग वाजते तेव्हा त्याहून बरंच जास्त एसी येतं. राउटर वाचला, कारण त्या दुपारी कोणी फोन केला नाही.

मग मी रीतसर जोडणी केली. भिंतीतून स्प्लिटर (फोन आणि नेट वेगळं करणारी डबी), स्प्लिटरमधून मोडेम, मोडेमच्या लॅनमधून राउटरच्या निळ्या पोर्टात. दिवे सगळे हिरवे. फोन वायफायला लागला आणि खाली अक्षरं आली: कनेक्टेड, इंटरनेट नाही. दोन्ही बंद करून चालू केले, वायर बदलली, काकूंच्या आकड्याने राउटर रीसेट केला. तेच.

कळलं ते अपघाताने. फोनवर 192.168.1.1 हा यंत्राचा घरातल्या नेटवरचा पत्ता टाकला तर राउटरचं सेटिंगचं पान उघडलं. मग डेस्कटॉपची वायर पुन्हा मोडेमला लावून तोच पत्ता टाकला तर मोडेमचं पान! दोन यंत्रं आणि पत्ता एकच. राउटरच्या एका बाजूलाही 192.168.1 चं घर, दुसऱ्या बाजूलाही तेच. बाहेर जायचं कुठून हे त्याला समजणार कसं? त्यात दोघेही आपापल्या बाजूला तेच पत्ते वाटायला बसलेले. काकांना हे समजवायला वेळ लागला नाही. आमच्याकडे चवथीला सहा घरची माणसं जमतात, सोवळी चार जणांकडे असतात, पण पूजेला बसतो एकच. "म्हणजे मोडेम बसणार आणि हा राउटर नैवेद्य वाढणार," काका म्हणाले. अगदी तसंच.

दुसरा एक रस्ता होता, मोडेमला ब्रिज मोडमध्ये टाकून, म्हणजे त्याला नुसता मधला पूल करून, पूजा राउटरकडे द्यायचा. तो जास्त स्वच्छ, पण त्यासाठी कनेक्शनचं युजरनेम आणि पासवर्ड राउटरमध्ये भरावं लागतं. मोडेमच्या पानावर पासवर्डच्या जागी नुसते ठिपके, आणि पासवर्डाचा कागद काकांनी जपून ठेवलाय. इतका जपून की सापडत नाही.

तेव्हा मोडेमला हातच लावला नाही. मोडेमची वायर काढली, राउटर एकट्या लॅपटॉपला जोडला. त्याचा लॅनचा पत्ता बदलून 192.168.1.2 केला. सेव्ह केल्यावर पान अडकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. पण पत्ता बदलला म्हटल्यावर जुन्या पत्त्यावर कोण उघडणार? नवा टाकला, उघडलं. मग डीएचसीपी, म्हणजे त्याचं पत्ते वाटणं, बंद, वायफायला नाव आणि पासवर्ड, आणि शेवटी मोडेमची वायर निळ्या पोर्टात न लावता बाजूच्या चार पिवळ्या, म्हणजे घरातली यंत्रं जोडायच्या, पोर्टांपैकी एकात. निळा रिकामाच. फोनवर लगेच नेट आलं. डेस्कटॉपही दुसऱ्या पिवळ्या पोर्टात गेला.

राउटर मोडेमशेजारी ठेवला तर काकांच्या खोलीबाहेर काही मिळेना. चिऱ्याच्या दोन भिंती, मध्ये राजांगण, म्हणजे आतलं अंगण. म्हणून 20 मीटरची तयार वायर आणली, माळ्यावरून नेली आणि राउटर वसरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, माटोळीच्या (गणपतीवर फळं-भाज्या बांधायच्या मांडवीच्या) बांबूपासून जरा दूर, उंचावर टांगला. डेस्कटॉपसाठी आणखी एक वायर वसरीतून परत खोलीत आणावी लागली. लॅनची वायर 100 मीटरपर्यंत चालते, आमचं घर मोठं असलं तरी तेवढं नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरातला फोन वाजला आणि नेट गेलं. काकूंनी फोन ठेवला, नेट आलं. काका म्हणाले, ते तसं नेहमीचंच आहे. वर्षानुवर्षं! स्वयंपाकघराचा फाटा स्प्लिटरच्या आधीच, भिंतीवरून काढलेला होता. आवाज तारेत 4 किलोहर्ट्‌झच्या आत चालतो, नेट 25 किलोहर्ट्‌झच्या वर, आणि दोघांना वेगळं ठेवायचं काम स्प्लिटरचं. त्याला वळसा घालून लावलेला फोन वाजला, उचलला, की नेटच्या वाटेत येणारच. फाटा काढून स्प्लिटरच्या फोनवाल्या भोकातून घेतला. दहा मिनिटांचं काम. खरं सांगायचं तर राउटरपेक्षा याचाच मला जास्त आनंद झाला.

चवथीनंतर पुन्हा एकदा बोलावणं आलं. ढग गडगडले की काका फोनची तार आणि वीज दोन्ही काढतात, तेच बरोबर. पण परत लावल्यावर पोरांच्या फोनांना नेट मिळेना. राउटर आधी जागा व्हायचा, फोन त्याला चिकटायचे, आणि पत्ता देणारा मोडेम अजून पुरता जागा झालेला नसायचा. थोडं थांबून वायफाय बंद-चालू केलं की झालं.

परवा गेलो तेव्हा मोडेमवर कॅलेंडरच्या कागदाची चिठ्ठी चिकटवलेली होती, काकांच्या अक्षरात: "आधी 1. डीएसएलचा दिवा मिचकावणे थांबल्यावर वसरीतला 2. घाई करू नये."