गप्पीच्या हौदातली पिवळी जोडी

लातूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवतो. पावसाळ्यात आरोग्य विभागाची माणसे डासांच्या अळ्या ओळखून घेण्यासाठी आमच्या प्रयोगशाळेत येत असतात. त्या दिवशी मात्र आरोग्य सेवकांनी टेबलावर ठेवलेल्या लोणच्याच्या बरणीत डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे होते. त्यांच्या पैदास केंद्राच्या हौदात नेहमीच्या करड्या माशांबरोबर एक नर आणि एक मादी अशी फिकट पिवळी जोडी निघाली होती. ‘‘सर, रोगट असतील तर आजच काढून टाकतो. मत्स्यालयवाला म्हणतो नवीन जात आहे, मला द्या. तुम्हीच बघा की जरा,’’ असे त्यांनी सांगितले.

माशाचा रंग वेगळा दिसला की पहिला संशय रोगाचाच घ्यावा, असे माझे मत आहे. व्हेल्वेट या रोगात सूक्ष्म परजीवी कातडीला चिकटतात आणि मासा हळद भुरभुरल्यासारखा सोनेरी दिसू लागतो. म्हणून खोलीत अंधार करून मी विजेरीचा झोत तिरपा टाकला. अंगावर पूड दिसली नाही, पोहण्याचे पर मोकळे होते, कल्ल्यांची हालचाल संथ होती आणि कोणताही मासा काचेला अंग घासत नव्हता. उजळ तळावर निरोगी गप्पीही फिके पडतात, त्यामुळे नंतर बरणीखाली आणि भोवती काळा कागद लावला. दुपारपर्यंत करडे मासे गडद झाले, पिवळ्यांत काहीच फरक पडला नाही. डोळे काळेभोर होते, म्हणजे लाल डोळ्यांच्या अल्बिनो माशांचीही शक्यता उरली नाही.

खरा उलगडा सूक्ष्मदर्शकाखाली झाला. मासा ओल्या कापसात धरून फक्त शेपटी काचपट्टीवर क्षणभर टेकवली. करड्या माशाच्या काळ्या रंजकपेशी मोठ्या आणि फांद्या फुटलेल्या होत्या. पिवळ्याच्या पेशी संख्येने फारशा कमी नव्हत्या, मात्र अगदी बारीक ठिपक्यांएवढ्याच होत्या. हौशी मत्स्यपालक याला ‘ब्लाँड’ म्हणतात. ‘गोल्ड’ या दुसऱ्या प्रकारात पेशींची संख्याच घटते आणि उरलेल्या पेशी खवल्यांच्या कडेने दिसतात. या दोन्ही प्रकारांचे पेशीपातळीवरील वर्णन 1944 मध्येच प्रसिद्ध झाले आहे, त्यामुळे नवीन जातीचा प्रश्नच नव्हता. हे ऐकून आरोग्य सेवक थोडे हिरमुसले. अळ्या हे मासेही खातात, एवढे मात्र त्यांना पटले.

हा गुण अप्रभावी, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसणारा असल्याने दोघांची पिल्ले पिवळीच निघायला हवीत, असे सांगून मी जोडी वेगळ्या टाकीत ठेवायला लावली. काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला : ‘‘सर, पिल्लं सगळी करडीच की हो!’’ त्यात आश्चर्य नव्हते. मादी हौदातल्या करड्या नरांकडून आधीच गाभण होती, शिवाय गप्पीची मादी शुक्राणू कित्येक महिने शरीरात साठवून ठेवते. पुढच्या विणीत थोडी पिवळी पिल्ले निघाली. त्यांतील माद्या, नर वयात येण्याआधीच वेगळ्या काढायला मी सांगितले आहे. मत्स्यालयवाल्याला अजून एकही मासा दिलेला नाही. खात्रीची जोडी त्या माद्यांपासूनच मिळेल.