डर्बीच्या घोड्यांना आवाज देताना

घोडा म्हटला की आम्हा डिचोलीकरांना आठवते ती शिगम्यातली घोडेमोडणी. कमरेला लाकडी घोडा, हातात तलवार आणि मागे ढोल-ताशे. गोव्यात रेसकोर्स नाही. तरीही मुंबईच्या एका मैत्रिणीने इंडियन डर्बी या मानाच्या शर्यतीसाठी घोडे तयार करणाऱ्या ट्रेनरांवरची डॉक्युमेंटरी आवाजाच्या कामासाठी माझ्याकडेच पाठवली.

चित्रण पावसाळ्यात पुण्याला आणि पुढे मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर झालेलं. डर्बी फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी असते, अंतर २४०० मीटर. धावतात फक्त चार वर्षांचे घोडे, म्हणजे यंदा हुकली की कायमची हुकली. सगळी तयारी त्या अडीचेक मिनिटांसाठी.

चित्र देखणं होतं, आवाज मात्र हाती लागण्यासारखा नव्हता. कॅमेरा कठड्याबाहेर, त्यामुळे नुसता वारा. खोगिराला माइक लावायला ट्रेनरने साफ नकार दिला होता. बरोबरच होतं त्याचं. घोड्याच्या पाठीवरच्या अर्ध्या किलोचाही हिशेब ठेवणारी ती माणसं.

मग आमच्या जत्रेतल्या नाटकांना पार्श्वसंगीत देणाऱ्या काकांना गाठलं. ते करवंट्या घेऊनच आले. ऐतिहासिक नाटकात त्या खपतात, पण हिरवळीवर टाप अशी टकटकत नाही, दबकी येते. शेवटी ओली माती आणि गवत भरलेल्या गोणपाटावर मुठी आपटून बघितल्या आणि जमलं. ताल बसवणं त्याहून अवघड. चालताना चार ठोके, दुडकीत दोन, कँटरला, म्हणजे मध्यम दौडीला, तीन. चौखूर धावताना पुन्हा चार, आणि मग क्षणभर चारही पाय हवेत. काका मूळचे तबलजी. पडद्याकडे बघत म्हणाले, "अरे, ही तालातली खाली आहे. इथे हात लावायचा नाही." तोवर माझ्या टापा यंत्रासारख्या वाजत होत्या, ती जागा रिकामी सोडल्यावर घोडा पळायला लागला.

श्वासाचंही तसंच. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने घेतो, आणि भरधाव असताना एका झेपेला एकच श्वास. म्हणून फुरफुरणं कुठेही पेरून चालत नव्हतं, प्रत्येक श्वास टापांशी जुळवावा लागला.

माझ्या मते फिल्ममधला सर्वांत चांगला प्रसंग शर्यतीचा नाहीच. पहाटे मोतद्दार घोड्याला टणक जमिनीवर दुडकत नेतो आणि ट्रेनर मान खाली घालून ऐकतो. दोन ठोक्यांत जरा जरी फरक पडला तरी पायात काहीतरी दुखतंय हे त्याला कळतं. मग तो नडगीवरून हात फिरवून कुठे गरम लागतंय का ते बघतो, आणि रात्रीचे ओट्स किती उरलेत तेही. या प्रसंगावर सारंगी घातलेली होती! ट्रेनर ज्यासाठी कान टवकारून उभा आहे, तेच प्रेक्षकाला ऐकू येऊ नये?

मैत्रिणीशी फोनवर बरीच हुज्जत झाली. पहाटेची सारंगी तिने काढली. पण शर्यतीच्या शेवटच्या सरळ पट्ट्यावर संगीत ठेवलंच. टापा त्याखाली जेमतेम ऐकू येतात. पणजीला फायनल मिक्स ऐकतानाही मी कुरकुरलो. मला ते अजून पटलेलं नाही. काकांनाही नाही.