मेस्सीची मॅच, हॅरिसनचं स्टेडियम आणि ‘ट्रान्सफर पेंडिंग’

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी लिहितेय. मेस्सीची टीम इंटर मायामी परत इथल्या हॅरिसनच्या स्टेडियमवर येईल तेव्हा कुणाची तरी तिकिटं माझ्यासारखीच अडकणार, आणि मला अजून त्या तिकिटांचा राग आहे.

मॅच १९ जुलै २०२५ ची, न्यूयॉर्क रेड बुल्स विरुद्ध मायामी. बाबा कोल्हापूरहून आले होते. तिथल्या पाटाकडील तालमीच्या फुटबॉल टीमचे पक्के चाहते, शाहू स्टेडियमवर भर उन्हात बसून मॅच बघणारे, त्यांना मेस्सी दाखवायचाच होता. क्लबच्या साइटवर तीन सीट एकत्र मिळेनात म्हणून एका रिसेल साइटवरून, म्हणजे लोक आपली तिकिटं परत विकतात तिथून, घेतली. पैसे लगेच कापले. तिकिटं मात्र नाहीत, नुसतं ‘ट्रान्सफर पेंडिंग’, म्हणजे विक्रेत्याने तिकिटं अजून आमच्या नावावर पाठवलेली नाहीत.

चॅटवर विचारलं की प्रत्येक वेळी तेच कॉपी-पेस्ट उत्तर, विक्रेत्याला मॅचच्या दिवसापर्यंत वेळ आहे, काळजी करू नका. फोन केला तर होल्डवर गाणं वाजत राहायचं, मग कुणीतरी यायचं, ऑर्डर नंबर परत पहिल्यापासून विचारायचं आणि म्हणायचं वाट बघा. बाबा रोज सकाळी चहा घेताना विचारायचे, "अगं, झालं का तिकिटाचं?" आणि माझ्याकडे सांगायला काही नसायचं. नंतर कळलं की काही विक्रेते हातात तिकीट नसतानाच लिस्ट करतात, भाव पडला की स्वस्तात घेऊन द्यायचं असा हिशोब. मेस्सीच्या मॅचला भाव पडतोय कुठला!

मॅचच्या दिवशी सकाळी मेल आला, विक्रेता तिकिटं देऊ शकत नाही, रिफंड घ्या. रिफंड घेऊन काय करू, तेवढ्या पैशात त्या दिवशी एकसुद्धा सीट मिळत नव्हती! पण त्यांच्याच गॅरंटीच्या पानावर लिहिलं होतं की तशीच किंवा त्याहून चांगली तिकिटं देऊ. त्या पानाचा स्क्रीनशॉट मी खरेदी करतानाच काढून ठेवला होता, तुम्हीही काढा. तो पाठवला, सुपरवायझर मागितला, आणि रिफंडला हो म्हटलंच नाही. एकदा हो म्हटलं की विषय संपला. हा हट्ट केला याचा मला अभिमान आहे. दुपारी जेवणं झाल्यावर तिकिटं आली, वरच्या टियरमधली, पण तिन्ही शेजारी-शेजारी. मी अक्षरशः ओरडले.

ट्रान्सफरची लिंक ज्या मेलवर येते त्याच मेलचं अकाउंट तिकीट ॲपमध्ये लागतं, ते आधीच उघडून ठेवा. आणि तिकिटाचा स्क्रीनशॉट गेटवर चालत नाही, बारकोड बदलत राहतो, म्हणून घरूनच फोनच्या वॉलेटमध्ये टाका, तिथे गर्दीत नेट रडतं. पिशवी पारदर्शक हवी. आमची एंट्री दोन मिनिटांत झाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

हां, स्टेडियमचं नाव आता स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड स्टेडियम आहे, पण सगळे अजून रेड बुल अरीनाच म्हणतात. २०१० ला उघडलं, पंचवीस हजार सीट, सगळ्यांवर छप्पर, खाली खरं गवत. त्याआधी हा क्लब जायंट्स स्टेडियममध्ये खेळायचा, ते अमेरिकन फुटबॉलचं अवाढव्य मैदान, निम्म्याहून जास्त रिकामं दिसायचं. इथे वरच्या टियरमधूनही खेळाडूंचे चेहरे ओळखू येतात. शेजारच्या कर्नीला सॉकर टाउन म्हणतात, अमेरिकेच्या राष्ट्रीय टीमचे जुने खेळाडू टोनी मिओला आणि जॉन हार्क्स तिथलेच, त्यामुळे हे मैदान इथे असणं मला अगदी बरोबर वाटतं.

मॅच? पहिला गोल रेड बुल्सचा, शेवटी मायामी ५-१, मेस्सीचे दोन. बाबा दुसऱ्या गोलला उभेच राहिले, मागच्यांनीही काही म्हटलं नाही, तेही उभेच होते. पण मेस्सी खेळेलच असं धरू नका. मार्च २०२४ मध्ये तो दुखापतीमुळे नव्हता आणि रेड बुल्सनी ४-० मारलं. नुसत्या त्याच्यासाठी महागडं तिकीट घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

त्यापेक्षा गॉथम एफसी बघा ना! बायकांची टीम, याच मैदानावर खेळते, पूर्वीची स्काय ब्लू. एडिसनजवळ राहणाऱ्यांना आठवत असेल, ती आधी पिस्काटावेला युर्चाक फील्डवर खेळायची. २०२३ ला लीगच्या चॅम्पियन झाल्या. त्यांची तिकिटं मी थेट क्लबकडून घेते, लगेच ॲपमध्ये दिसतात, काही कटकट नाही.

आणि मॅच संपल्यावर हॅरिसनच्या पाथ ट्रेनच्या स्टेशनवर भयंकर रांग लागते. चालायची तयारी असेल तर जॅक्सन स्ट्रीटच्या पुलावरून पसेक नदी ओलांडून सरळ न्यूअर्क पेन स्टेशनला जा, आम्ही तसंच केलं, बाबांनाही जमलं.