25 अंशांची वस्तू तापवताना 21 अंशांवर कशी गेली?

परवा संगणकावर इपॉक्सीच्या (एक कडक प्लास्टिक) एका ठोकळ्याचं ट्रान्झियंट सिम्युलेशन चालवलं, म्हणजे वेळेनुसार तापमान कसं बदलतं याचं गणित. सगळीकडे 25 अंश, एका बाजूला एकदम 150. थंड करणारं काहीच नाही, तरी पहिल्याच टप्प्यांत आतले काही नोड (तापमान मोजलं जातं ते बिंदू) 21 अंशांवर! हे निसर्गात शक्यच नाही.

आधी एकके तपासली. लांबी मिलिमीटरमध्ये आणि वस्तुमान टनांत घेणाऱ्या मिलिमीटर-टन पद्धतीत विशिष्ट उष्मा हमखास चुकतो. ते बरोबर होतं. मग सवयीने टाइम स्टेप, म्हणजे गणित ज्या वेळाच्या टप्प्यांनी पुढे सरकतं तो टप्पा, 0.1 सेकंदावरून निम्मी केली, तर तापमान आणखी खाली. तिथेच खरा धागा सापडला.

इतक्या कमी वेळात उष्णता 2 मिलिमीटरच्या एलिमेंटमध्ये (ठोकळ्याचे गणितासाठी पाडलेले छोटे तुकडे) जेमतेम शिरते. एलिमेंट आपल्या आतलं तापमान सरळ रेषेत बदलतं असं धरतं, आणि तो तीव्र उतार एका सरळ रेषेत मावत नाही. एलिमेंटच्या लांबीचा वर्ग भागिले सहापट उष्णता-विसरणशीलता (पदार्थात उष्णता किती वेगाने पसरते ते), टाइम स्टेप याहून लहान नको. इपॉक्सीची विसरणशीलता सेकंदाला साधारण 0.15 चौरस मिलिमीटर, म्हणजे मर्यादा जवळपास 4.4 सेकंद. मी कुठल्या कुठे होतो!

मला सुरुवातीचेच क्षण हवे होते, म्हणून स्टेप पुन्हा 0.1 केली आणि तापणाऱ्या पृष्ठभागाजवळ मेश, म्हणजे एलिमेंटची जाळी, 0.3 मिलिमीटरपर्यंत बारीक केली, म्हणजे तिथे मर्यादाही 0.1 सेकंदावर आली. आता एकही नोड 25 च्या खाली नाही.