पायावरचा आळ

सरांनी गाडी माझ्या गॅरेजच्या दारात लावली आणि उतरायच्या आधीच म्हणाले, "चूक माझीच आहे. माझा पाय क्लचवर राहतो."

वीस वर्षांची जुनी, केबलच्या क्लचची छोटी गाडी. वर्षभरापूर्वी दुसरीकडे क्लचचा पूर्ण सेट बदललेला. आता पुन्हा तेच सुरू झालं होतं. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं, गाडी उचलायची नाही, आणि जळका वास यायचा. सेट बदलणाऱ्याने गाडी न उघडताच सांगून टाकलं होतं की पाय क्लचवर ठेवून प्लेट झिजवायची सवय आहे, या वयात ती सुटणार नाही. घरचेही तेच म्हणू लागले होते. सर आले होते ते गाडी नीट करून विकायच्या विचारानेच.

मी म्हटलं, "सर, तुम्हीच चालवा. मी शेजारी बसतो."

रस्त्याकडे मी फारसं बघितलंच नाही, त्यांच्या डाव्या पायावर नजर ठेवली. दर गिअर पडला की पाय पेडलवरून उचलून सरळ खाली टेकायचा. थांबलो की न्यूट्रल. मग तिसऱ्या गिअरमध्ये चढ लागला, त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला आणि आरपीएमचा काटा २,००० वरून ३,००० च्या पुढे गेला. स्पीडचा काटा ४० वरच. क्लच स्लिप होत होता, म्हणजे इंजिनचा जोर चाकांपर्यंत पोचत नव्हता, शंकाच नको. पण पायात मला खोट दिसली नाही.

परत आल्यावर पेडल हाताने दाबून पाहिलं. क्लचवर जोर येण्याआधी पेडल मोकळं दबतं तो प्ले साधारण २० मिलिमीटर होता, म्हणजे पुरेसा. या पद्धतीच्या क्लचमध्ये प्लेट झिजत जाते तशी तिला दाबून धरणाऱ्या प्रेशरप्लेटची बोटं, पेडल दाबल्यावर त्यांना ढकलणाऱ्या रिलीज बेअरिंगच्या जवळ सरकतात आणि पेडलचा प्ले कमी कमी होतो. प्लेट पार झिजलेली असती तर प्ले असा राहिला नसता. मधे केबल कुणी सैल केली असेल का? सर म्हणाले, सेट टाकल्यापासून कुणी हातच लावलेला नाही.

मग गाडीखाली गेलो. क्लचवरच्या आवरणाच्या, म्हणजे बेल हाउसिंगच्या तळाशी एक छोटं भोक असतं. त्याच्या कडेला काळा थेंब लोंबत होता. दोन बोटांत चोळला. पातळ, काळाकुट्ट, उग्र वास नाही. गिअरऑइल जाड असतं आणि त्याला गंधकासारखा नाकात जाणारा वास असतो. हे इंजिनऑइल होतं.

गिअरबॉक्स खाली घेतला. प्लेट निघाली ती ओली, चकचकीत, काचेसारखी. पण तिच्यावरचं घासणारं अस्तर भरपूर शिल्लक! अस्तर धरणाऱ्या रिव्हेटच्या डोक्यावर ०.३ मिलिमीटरपेक्षा कमी अस्तर राहिलं तर प्लेट संपली म्हणायची, इथे १ मिलिमीटरच्या वर होतं. प्रेशरप्लेटच्या बोटांवर बेअरिंगची जेमतेम खूण. पाय सतत क्लचवर असता तर ही बोटं घासून चमकली असती, बेअरिंग आवाज करत असतं.

हाताखालच्या मुलाने विचारलं, "काका, प्लेट नवीच आहे, पेट्रोलने धुऊन टाकू?"

"नको रे. अस्तराने तेल पिलंय. वरून कोरडी दिसेल, गरम झाली की आतलं तेल परत वर येईल."

इंजिनच्या फिरत्या दांड्याचं, म्हणजे क्रँकचं, तेल अडवणारं मागचं ऑइलसील कडक होऊन बसलं होतं आणि त्याच्या ओठाने क्रँकवर बारीक चर पाडला होता. नवं सील थोडं अलीकडे बसवलं, ओठ कोऱ्या जागेवर यावा म्हणून. आता नवी प्लेट टाकून गाडी बांधता आली असती. पण सील एवढं वाहिलं का, हे मनातून जाईना. इंजिनच्या आतला वायू बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी काढली, फुंकर मारली, हवा पलीकडे जाईना. आत काळा गाळ दगडासारखा बसलेला. इंजिनच्या पोटातल्या वायूला वाट नाही, मग तो दाब तेलाला सीलमधून बाहेर ढकलणारच. ही नळी तशीच राहिली असती तर माझं नवं सीलही गळायला लागलं असतं आणि सरांच्या पायावर पुन्हा आळ आला असता. नळी बदलली. प्लेट जिच्यावर दाबली जाते त्या जड चकतीवर, फ्लायव्हीलवर, निळसर डाग होते पण तडा नव्हता, घासून स्वच्छ केलं. नवी प्लेट धरण्याआधी मुलाला साबणाने हात धुवायला लावले. ग्रीसचं एक बोट अस्तराला लागलं तरी मला चालत नाही.

संध्याकाळी जुनी प्लेट सरांच्या हातात दिली. म्हटलं, "रिव्हेटपर्यंत नख घाला." त्यांनी घातलं, अजून एका रिव्हेटवर घातलं.

"म्हणजे पाय नव्हता?"

"नाही सर. तेल होतं."

ती प्लेट त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून घरच्यांना दाखवायला नेली. तिसऱ्या गिअरमध्ये तोच चढ त्यांनीच चढवला, या वेळी दोन्ही काटे बरोबर वर सरकले.

हजारेक किलोमीटर झाल्यावर त्यांना परत बोलावलं होतं. आले, गाडी विकायचा विषय काढला नाही. मी खाली शिरून त्या भोकात बोट घातलं. कोरडं होतं.