तांबड्या मानेचे तीन

मार्चअखेरीस उजनीचं पाणी रोज मागं सरतं. काल जिथं बोट तरंगत होती तिथं आज गाळ. धरण 117 टीएमसीचं, त्यातलं 63 टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे अगदी तळाचं पाणी. पाणी त्याच्याही खाली गेलं की आमच्याकडं 'धरण मायनसमध्ये' म्हणतात आणि शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. पक्ष्यांना मात्र तेव्हाच खायला मिळतं, उघड्या पडलेल्या गाळात.

इंजिन लांबच बंद करायचं आणि पुढं बांबूनं रेटायचं, हे मी वडिलांकडून शिकलो. बांबू किती रुततो, उपसताना किती चिकटतो, यावरून तळ कळतो. नवी पोरं इंजिन घेऊन थेट थव्यात घुसतात. राग येतो.

रविवारी पुण्याचे दोघे सर सहालाच बोटीत बसले. कुंभारगावापासून थोडं आत, एका पट्टीवर अडीचेकशे गॉडविट चरत होते. पुस्तकात याला मळगुजा म्हणतात. थंडीभर हा पक्षी भुरकट, त्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. मार्चमध्ये मान आणि छाती विटेसारखी तांबडी व्हायला लागते. लांब सरळ चोच डोळ्यापर्यंत गाळात जाते आणि आत गेल्यावर तिचं फक्त टोक उघडतं; अळी तिथल्या तिथं धरली जाते. एकाच पक्ष्यावर दुर्बीण लावून बसलो होतो. मिनिटभरात अकरा वेळा चोच खुपसली, चार वेळा गिळलं. पोट गोल झालं होतं. सायबेरिया, मध्य आशियाकडं जायचं तर अंगावर चरबी चढवूनच निघावं लागतं.

"भाऊ, जरा उडवा ना, फ्लाइट शॉट पाहिजे."

नाही म्हणालो. "खाऊ द्या त्यांना. उडतील आपोआप. थांबू आपण, जादा पैसे घेणार नाही." ते गप्प बसले, मला वाटलं पटलं. मग दुसऱ्या सरांनी बोटीच्या कडेवर दोनदा थाप मारली. पत्र्याची बोट. सगळा थवा उठला, पंखांवरचे पांढरे पट्टे एकदम उघडले. तीन घिरट्या घालून पलीकडं उतरला. तिथं जाळी काढणं चाललं होतं, तिथूनही उठला. दीड तास कुणाची चोच गाळात गेली नाही.

मी बोट वळवली आणि काठावर ठरलेले पैसे घेतले. हंगाम चार महिन्यांचा, एकानं नाराजी पसरवली की गिऱ्हाईक दुसऱ्या बोटीकडं जातं. पण फोटोसाठी पक्ष्याला घासावरून उठवणारा माणूस पक्षीप्रेमी नव्हे, हे तोंडावर म्हणायला हवं होतं.

संध्याकाळी एकटाच गेलो. सातच्या सुमारास थवा ओरडायला लागला आणि उठला. या वेळी कुणी उठवलं नव्हतं. उंच गेला, रांग धरली, उत्तरेकडं निघाला. दिसेनासा होईपर्यंत बघत राहिलो.

सोमवारी पट्टीवर सात उरले होते. दरवर्षी काही राहतातच. पहिल्या वर्षाची पिल्लं भुरीच राहतात आणि उन्हाळा इथंच काढतात. त्यांची काळजी नसते. पण या सातांत तीन माना तांबड्या होत्या. ते जायला हवे होते. पुढच्या थव्याची वाट बघतायत, की त्या दीड तासाचं पोट रिकामं राहिलं?

आज इंजिन न लावता गेलो. चार भुरे तिथंच. तांबडे दोन, डोळ्यापर्यंत चोच खुपसून.