ठेका धावतो, आवाज नाही

"चांगल्या गाण्याची वाट लावलीय नुसती," मित्र म्हणाला. गाडीत डीजे सॅमीचं 'हेवन' लागलं होतं. ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना.

कॅनडाचा गायक ब्रायन ॲडम्स याचं मूळ गाणं १९८५ मध्ये अमेरिकेत लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. पुढे स्पेनचा सॅमी, जर्मनीचा यानू आणि डच गायिका डो यांनी त्याला युरोडान्सचा, म्हणजे युरोपातल्या वेगवान नाचाच्या संगीताचा, ठेका दिला, आणि २००२ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिलं आलं!

पण डोचा आवाज नीट ऐका हो. खाली ठेका धडधडतोय आणि ती मात्र अजिबात घाई करत नाही. म्हणून तर यानूने ठेका काढून केलेली संथ आवृत्तीही लोकांना इतकी भावली.

मला हे गाणं आधी सॅमीचंच भेटलं. तुम्हाला?